एकसारखा श्वास : फुप्फुसाच्या कर्करोगावरील रेडिएशनमध्ये श्वास कसा सांभाळावा

फुप्फुसाच्या कर्करोगावर रेडिएशन घेणाऱ्या रुग्णाला पहिल्याच दिवशी एक सूचना हमखास ऐकावी लागते : ‘अजिबात हलू नका.’ रुग्ण ती मनापासून पाळतो, दोन्ही हात डोक्यावर घेऊन लाकडासारखा पडून राहतो, आणि तरीही त्याच्या छातीतली गाठ मिनिटाला बारा ते वीस वेळा खालीवर होतच राहते, कारण श्वास काही थांबवून ठेवता येत नाही. त्या श्वासाचे नेमके काय करायचे, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. मुंबईतील एका रुग्णालयात रेडिएशनच्या यंत्राच्या कन्सोलवर बसून मी बरीच वर्षे रुग्णांना श्वास घ्यायला आणि रोखायला सांगत आलो आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : या उपचारात मोठ्या श्वासाला फारशी किंमत नाही, एकसारख्या श्वासाला आहे. उपचाराच्या आखणीसाठी आधी होणाऱ्या सीटी स्कॅनच्या दिवशी घेतलेला श्वास आणि उपचाराच्या विसाव्या दिवशी घेतलेला श्वास जितका सारखा, तितका किरणांचा नेम अचूक.

लेख रुग्णासाठी आणि त्याच्या सोबत येणाऱ्या माणसांसाठी आहे. कोणती पद्धत वापरायची हा निर्णय रेडिएशनचे डॉक्टर आणि मेडिकल फिजिसिस्ट (किरणांच्या मात्रेचा हिशेब पाहणारे भौतिकशास्त्रज्ञ) घेतात. पण तो निर्णय यशस्वी करण्याचे निम्मे काम टेबलावर झोपलेल्या माणसाच्या हातात, खरे तर छातीत, असते.

गाठ हलते म्हणजे किती हलते

श्वास आत घेताना छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा खाली सरकतो आणि फुप्फुसाला खाली ओढतो. त्यामुळे फुप्फुसाच्या खालच्या भागात, श्वासपटलाजवळ असलेली गाठ सर्वांत जास्त हलते. ती एक-दोन सेंटिमीटर, क्वचित त्याहूनही अधिक सरकू शकते. वरच्या टोकाजवळची किंवा छातीच्या भिंतीला चिकटलेली गाठ बहुधा काही मिलिमीटरच हलते. ही हालचाल मुख्यतः डोक्याकडून पायाकडे आणि परत अशी होते, मात्र जायची आणि यायची वाट एकच असेल असे नाही. बऱ्याच गाठी लांबट वर्तुळासारख्या वाटेने फिरतात.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे गाठीभोवती मोठे कुंपण आखायचे, म्हणजे ती कुठेही गेली तरी किरणांच्या आतच राहील. पूर्वी तेच केले जाई. या उपायाची किंमत साध्या गणिताने कळते. तीन सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ साधारण १४ घनसेंटिमीटरची असते. तिच्याभोवती सर्व बाजूंनी अर्धा सेंटिमीटर जागा सोडली तर किरणांचे क्षेत्र सुमारे ३३ घनसेंटिमीटर होते, आणि एक सेंटिमीटर सोडली तर सुमारे ६५. म्हणजे कुंपण अर्ध्या सेंटिमीटरने सरकवले की निरोगी फुप्फुसाचा तेवढा जास्तीचा भाग विनाकारण भाजला जातो. फुप्फुसाला मिळणाऱ्या मात्रेवर डॉक्टरांचे बारीक लक्ष असते. रोजच्या छोट्या मात्रेने चालणाऱ्या नेहमीच्या उपचारात २० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक मात्रा मिळणारा फुप्फुसाचा हिस्सा ३० ते ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. ही मर्यादा ओलांडली की पुढे न्यूमोनायटिस, म्हणजे किरणांमुळे फुप्फुसाला येणारी सूज, होण्याचा धोका वाढतो. श्वासावर एवढी मेहनत घ्यायची ती हे कुंपण लहान ठेवता यावे म्हणून.

अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये या विषयावरचा आपल्या ७६ क्रमांकाच्या कार्यगटाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात गाठ कोणत्याही दिशेने ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर श्वासाचा वेगळा बंदोबस्त करण्याचा विचार व्हावा, असे सुचवले आहे. आजही बहुतेक केंद्रांत हाच आकडा आधाराला घेतला जातो. म्हणून ‘माझी गाठ किती मिलिमीटर हलते?’ हा प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना जरूर विचारावा. त्याच्या उत्तरावर पुढचे बरेच काही ठरते.

सीटीला जाण्यापूर्वी

उपचाराच्या आखणीसाठी होणाऱ्या सीटीला ‘सिम्युलेशन’ म्हणतात. त्या दिवशी रुग्ण ज्या स्थितीत झोपतो आणि जसा श्वास घेतो, तेच पुढच्या प्रत्येक दिवसासाठी प्रमाण ठरते. म्हणून खरी तयारी उपचाराच्या पहिल्या दिवसाची नव्हे, सीटीच्या दिवसाची करायची असते.

पहिली तयारी खांद्यांची. छातीचे रेडिएशन बहुधा हात डोक्यावर घेऊन दिले जाते. वयस्कर माणसांचे खांदे इतका वेळ वर राहत नाहीत, दुखू लागतात, आणि दुखणारा माणूस एकसारखा श्वास घेऊ शकत नाही. सीटीच्या आठवडाभर आधीपासून रोज दोनदा उताणे झोपून, हात डोक्यावर उशीला टेकवून, पाच मिनिटांपासून सुरुवात करत पंधरा मिनिटांपर्यंत वेळ वाढवावी. खांदा मुळीच उचलत नसेल तर सीटीच्या वेळीच तसे स्पष्ट सांगावे. हात खाली ठेवूनही आखणी करता येते, पण हे आधी कळायला हवे.

दुसरी तयारी खोकल्याची आणि दम्याची. इनहेलर किंवा नेब्युलायझर चालू असेल तर तो सीटीच्या किती वेळ आधी घ्यायचा हे डॉक्टरांना विचारावे आणि तीच वेळ पुढे रोज पाळावी. सीटी औषध घेऊन आणि उपचार औषध न घेता, असे झाले तर दोन्ही दिवशीची फुप्फुसे वेगळी फुगतात. छातीत कफ भरला असेल किंवा ताप असेल तर रुग्णालयात फोन करून कळवावे. दोन दिवस उशीर झालेला चालतो, कफाने भरलेल्या छातीवर आखणी झालेली चालत नाही.

जेवणाचे साधे तत्त्व असे की पोट तट्ट नसावे आणि रिकामेही नसावे. भरल्या पोटाने श्वासपटल वर ढकलले जाते. तासा-दोन तासांपूर्वी हलके खाल्लेले बरे. मधुमेह असलेल्यांनी उपाशी राहू नये. सीटीमध्ये शिरेतून औषध द्यायचे असेल तर रुग्णालय उपाशीपणाबद्दल जे सांगेल तेच पाळावे.

फोरडी सीटी

छातीची साधी सीटी काही सेकंदांत होते, त्यामुळे तिच्यात गाठ त्या क्षणी जिथे सापडली तिथे दिसते. ती तिथे नेहमी असते असे नाही. फोरडी, म्हणजे वेळ ही चौथी मिती धरणाऱ्या, सीटीत यंत्र छातीचा प्रत्येक भाग पूर्ण श्वासचक्रभर पाहते. रुग्णाच्या पोटावर किंवा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ एक लहानशी चौकोनी डबी ठेवली जाते. तिच्यावरचे चमकते ठिपके कॅमेऱ्याला दिसतात आणि डबीच्या चढउतारावरून श्वासाचा आलेख उमटतो. काही ठिकाणी डबीऐवजी पोटाला पट्टा बांधतात, तर काही ठिकाणी कॅमेरा थेट छातीचा पृष्ठभाग वाचतो. नंतर संगणक सर्व चित्रे श्वासाच्या टप्प्यांनुसार, बहुधा दहा भागांत, वाटतो. त्यातून गाठीचा छोटासा चित्रपटच डॉक्टरांसमोर येतो.

हे वाटप नीट व्हायचे तर श्वास नियमित हवा. एक श्वास तीन सेकंदांचा आणि पुढचा सात सेकंदांचा असेल तर चित्रांचे तुकडे जुळत नाहीत, गाठ दोन ठिकाणी तुटल्यासारखी दिसते किंवा श्वासपटलाच्या जागी पायऱ्या दिसतात. बऱ्याच रुग्णांचा श्वास नेमका याच वेळी बिघडतो. एरवी आपण श्वास घेतो याचे भानही नसते, पण ‘तुमचा श्वास मोजतोय’ असे कोणी म्हटले की माणूस श्वास घेण्याचा अभिनय करू लागतो. म्हणून टेबलावर झोपल्यावर पहिली चार-पाच मिनिटे कोणीही काही विचारू नये आणि रुग्णाने डोळे मिटून शांत पडावे. दुसरे कारणही आहे. चालून आलेल्या, घाबरलेल्या माणसाचे स्नायू ताठ असतात. तो सैलावत जातो तशी पोटाची पातळी हळूहळू खाली सरकते. ही सरकण सीटी सुरू होण्याआधीच पुरी झालेली बरी.

आणखी एक बाब डॉक्टरही कधीकधी सांगायला विसरतात. काही माणसे पोटाने श्वास घेतात, काही छातीने. सीटीला पोटाने आणि उपचाराला छातीने, असा बदल झाला तर पोटावरच्या डबीचा आलेख आणि आतल्या गाठीची हालचाल यांचे नाते तुटते. आलेख सुरेख दिसतो आणि गाठ भलतीकडे असते. आपण एरवी कसा श्वास घेतो ते आधी घरी पाहून ठेवावे : एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवून निजावे आणि कोणता हात जास्त उचलला जातो ते सोबतच्या माणसाला पाहायला सांगावे. जो असेल तोच बरोबर आहे, तो बदलण्याच्या फंदात पडू नये.

त्याच दिवशी अंगाखाली हवा काढून घट्ट होणारी गादी अंगाच्या आकाराची बनवली जाते आणि छातीवर शाईच्या किंवा टॅटूच्या ठिपक्यांच्या खुणा केल्या जातात. शाईच्या खुणांना साबण चोळू नये, त्या फिकट झाल्यास घरी पेनाने गिरवू नयेत.

कोणती पद्धत कोणाला

फोरडी सीटी पाहिल्यावर डॉक्टर पद्धत ठरवतात. गाठ ५ मिलिमीटरच्या आतच हलत असेल तर बहुधा काहीच करावे लागत नाही. सर्व टप्प्यांत गाठ जिथे जिथे जाते ती सगळी जागा एकत्र धरून क्षेत्र आखले जाते आणि रुग्णाने नेहमीसारखा श्वास घ्यायचा असतो. अशा एकत्र जागेला आंतरराष्ट्रीय मानकांत १९९९ मध्ये ‘आयटीव्ही’ हे नाव मिळाले. रुग्णाच्या फाइलवर ही तीन अक्षरे दिसली तर त्याचा अर्थ एवढाच. यात आपले काम फक्त शांत राहण्याचे असते, पण ते वाटते तितके सोपे नाही.

दुसरी पद्धत पोटावर दाब देण्याची. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर एक पाटी ठेवून ती स्क्रूने किंवा पट्ट्याने इतकी आवळतात की श्वासपटलाला खाली सरकायला जागाच उरत नाही आणि श्वास उथळ होतो. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात १९९०च्या दशकात शरीरावरच्या अचूक, मोठ्या मात्रेच्या रेडिएशनची सुरुवात झाली, तेव्हा याच प्रकारची चौकट वापरली गेली. ज्यांना श्वास रोखता येत नाही अशा रुग्णांना ती अजूनही उपयोगी पडते. दाब सुखद नसतो, पण तो सहन होण्याइतकाच ठेवायचा असतो. ‘होतंय सहन’ असे दात आवळून म्हणणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी अंग आक्रसून घेतो. पोटावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पोटावर शौचाची पिशवी असेल किंवा पोटातल्या महाधमनीला फुगा असेल तर ही पद्धत टाळली जाते. ही माहिती कोणी विचारण्याची वाट न पाहता रुग्णाने स्वतः सांगावी.

तिसरी पद्धत ‘गेटिंग’. यात रुग्ण मोकळा श्वास घेत राहतो, पण श्वासचक्राच्या ठरावीक टप्प्यातच यंत्र किरण सोडते आणि बाकीच्या वेळी थांबते. हा टप्पा बहुधा श्वास पूर्ण सोडल्यानंतरचा निवडतात, कारण त्या क्षणी छाती थोडी जास्त वेळ स्थिर राहते आणि प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच जागी येते. किरण चक्राच्या साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या वेळातच चालू असल्याने उपचाराला वेळ जास्त लागतो. ‘आज इतका वेळ का लागला?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना हेच उत्तर असते.

गाठीच्या मागे यंत्राचा हात फिरवणारी ‘ट्रॅकिंग’ची पद्धतही आहे. काही प्रकारांत त्यासाठी गाठीत किंवा तिच्याजवळ सोन्याचे बारीक कण सुईने बसवावे लागतात. अशी यंत्रे मोजक्याच केंद्रांत असल्याने तिच्या तपशिलात जात नाही. फक्त एवढे, की सुई घातल्यावर फुप्फुसाभोवती हवा साचण्याचा धोका असतो, त्यामुळे त्यानंतर अचानक छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

राहिली श्वास रोखण्याची पद्धत. तिथे रुग्णाचे काम सर्वांत जास्त असते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

श्वास रोखण्याचा सराव

या पद्धतीला डॉक्टर ‘डीआयबीएच’ म्हणतात. रुग्ण दीर्घ श्वास घेतो, तो १५ ते २५ सेकंद रोखतो, तेवढ्या वेळात किरण दिले जातात, मग तो श्वास सोडतो आणि थोड्या विश्रांतीने पुन्हा तेच करतो. एका दिवसाच्या उपचारात असे अनेकदा करावे लागते. यात गाठ जवळजवळ स्थिर राहते हा एक लाभ, आणि फुगलेल्या फुप्फुसामुळे गाठीभोवतीच्या तेवढ्याच जागेत फुप्फुसाचा कमी हिस्सा येतो हा दुसरा. काही ठिकाणी तोंडात नळी देऊन आणि नाकाला चिमटा लावून, ठरलेली हवा आत गेल्यावर झडप बंद करणारे यंत्र वापरतात. त्यात रुग्णाच्या हातात बटण असते आणि ते सोडताच झडप उघडते. नळी पाहून गुदमरल्यासारखे वाटणाऱ्यांनी बटणाची ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सरावाआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. पूर्वी फुप्फुस फाटून हवा साचली असेल, थुंकीतून रक्त येत असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर घरी प्रयोग करू नयेत. परवानगी मिळाल्यावर सराव असा करावा.

उताणे झोपावे, हात डोक्यावर घ्यावेत. तीन-चार श्वास नेहमीसारखे घ्यावेत. मग नाकाने सावकाश श्वास आत घ्यावा आणि जास्तीत जास्त घेता येईल त्याच्या साधारण पाऊण भागाशी थांबावे. अजून थोडी जागा शिल्लक आहे असे वाटले पाहिजे. छाती गच्च भरून घेतलेला श्वास दोनदा सारखा येत नाही, शिवाय तो दहा सेकंदांतच थरथरू लागतो. रोखताना गळा आवळू नये, पोट ताठ करू नये. पहिल्या दिवशी दहा सेकंद पुरेत. रोज दोन-तीन सेकंद वाढवत वीस-पंचवीसपर्यंत जावे. दोन वेळांमध्ये चार-पाच साधे श्वास घ्यावेत. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, इतके पुरते. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत दुखले तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावे.

सोबतच्या माणसाने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, श्वास घेताना पाठ गादीवरून उचलली जाते का. बरेच रुग्ण पाठीची कमान करतात, छाती वर आलेली दिसते, कॅमेऱ्यालाही ती वर आलेली दिसते, आणि फुप्फुसात हवा मात्र तेवढी गेलेलीच नसते. नकळत झालेली ही चूक फार महागात पडते. दुसरी, खांदे कानांकडे सरकतात का. दोन्ही वेळी ‘पाठ टेका’ किंवा ‘खांदे सोडा’ एवढेच शांतपणे सांगावे. ‘बाबा, अजून मोठा, अजून मोठा!’ असा उत्साह कृपया आवरावा.

प्राणायाम करणाऱ्या रुग्णांबद्दल एक सूचना. पूरक, कुंभक, रेचक हे शब्द ज्यांना माहीत आहेत त्यांना रोखणे सोपे जाते, यात शंका नाही. पण भस्त्रिका आणि कपालभातीची सवय असलेले काहीजण टेबलावरही आपले कौशल्य दाखवू लागतात. पंचेचाळीस सेकंदांचा कुंभक आम्हांला नको असतो, वीस सेकंदांचा पण रोज तेवढाच हवा असतो. लालबागच्या भजनी मंडळातल्या एका आजींनी हे काम मी पाहिलेल्या कितीतरी तरुणांपेक्षा छान केले. श्वास रोखला की त्या मनात एका लयीत ‘रामकृष्णहरी’ म्हणत. तेरावे झाले की सोडायचा, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो स्टॉपवॉचशी रोज जुळायचा. ज्यांना आकडे मोजण्याने ताण येतो त्यांनी असा एखादा नामजप किंवा पाठ असलेली ओवी निवडावी, मात्र ती मनातच म्हणावी, ओठ हलवू नयेत.

शब्द आधी ठरवा

उपचाराच्या वेळी रुग्ण आत एकटा असतो आणि बाहेरून इंटरकॉमवर सूचना येतात. यंत्राच्या घरघरीत आणि एसीच्या आवाजात शब्द अर्धवट ऐकू येतात. ‘सोडा’ आणि ‘सोडू नका’ हे दोन शब्दप्रयोग एकाच वेळी वापरणे धोक्याचे आहे, कारण ‘सोडू’ ऐकताच माणूस श्वास सोडून मोकळा होतो. ‘थांबा’ हाही फसवा शब्द आहे. श्वास घेणे थांबवायचे की रोखणे थांबवायचे, हे कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी टेक्नॉलॉजिस्टशी, म्हणजे कन्सोलवरून यंत्र चालवणाऱ्या माणसाशी, बोलून तीन शब्द पक्के करावेत : ‘घ्या’, ‘रोखा’, ‘सोडा’. मुंबईत कन्सोलवरची व्यक्ती मराठी बोलणारी असेलच असे नाही. ती हिंदीत सूचना देणार असेल तर घरचा सरावही हिंदी शब्दांवरच करावा. कोकणातून किंवा विदर्भातून आलेल्या, हिंदी फारशी न कळणाऱ्या आईसाठी हे तीन शब्द मराठीत लिहून त्यांचा उच्चार टेक्नॉलॉजिस्टला शिकवायलाही संकोच करू नये. आम्ही आनंदाने शिकतो.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र कानात ठेवता येईल का ते विचारावे. काही केंद्रांत रुग्णाला छोट्या पडद्यावर किंवा चष्म्यात आपल्या श्वासाची पट्टी वर चढताना दिसते आणि ती एका रंगीत चौकटीत आणून तिथेच ठेवायची असते. तिथे रोजचा चष्मा बरोबर न्यायला विसरू नये.

खोकला येणार असे वाटले तर काय खूण करायची, हेही आधीच ठरवावे. हात वर असल्याने ते हलवले तर सगळी स्थिती बिघडते. हातात घंटीचे बटण नसेल तर पायाचा पंजा हलवणे ही चांगली खूण आहे. कॅमेऱ्यात ती लगेच दिसते आणि छाती जागची हलत नाही.

उपचाराच्या दिवशी

नेहमीचे उपचार सोमवार ते शुक्रवार असे सहा-सात आठवडे चालतात, उदाहरणार्थ ६० ग्रे ही मात्रा ३० दिवसांत. लहान गाठीवर ‘एसबीआरटी’ या पद्धतीने मोठ्या मात्रा तीन ते आठ दिवसांतच दिल्या जातात. दिवस कमी असले की प्रत्येक दिवसाचा नेम तितकाच महत्त्वाचा, कारण आजची चूक उद्या भरून निघायला उद्या फार उरलेले नसतात.

मुंबईत या दिवसाचा सर्वांत अवघड भाग बहुधा यंत्रापर्यंत पोहोचण्याचा असतो. परळ किंवा प्रभादेवीला लोकलमधून उतरून पूल चढून आलेला रुग्ण टेबलावर झोपतो तेव्हा त्याचा श्वास मिनिटाला पंचवीसवर गेलेला असतो, आणि सीटीच्या दिवशी तो सोळा होता. लोकलमधला दिव्यांगांसाठीचा राखीव डबा कर्करोगाच्या रुग्णांनाही खुला असतो. त्यासाठी रुग्णालयाचा कागद जवळ ठेवावा. पूल टाळता येत असेल तर लिफ्टच्या बाजूने यावे आणि ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचून बसावे. बाहेरगावच्या कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणाहून यायचे असेल तर अंतर कमी असले तरी चालत येण्याचा हट्ट धरू नये. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते बंद असतात, मुसळधार पावसात गाड्या थांबतात. अशा दिवसांची वेळ रुग्णालयाशी आधी बोलून ठेवावी. दिवस चुकलाच तर कळवावे. एकूण उपचार लांबणे चांगले नसते, आणि चुकलेली मात्रा कशी भरून काढायची ते डॉक्टरच ठरवतात.

खोलीत एसीचा गारवा असतो. कुडकुडणाऱ्या माणसाचा श्वास तुटक होतो. पायांवर शाल मागून घ्यावी, छाती-पोट मात्र उघडे राहू द्यावे. आत जाण्यापूर्वी घोटभर कोमट पाणी प्यावे, खोकून कफ काढून टाकावा, लघवीला जाऊन यावे.

टेबलावर झोपल्यावर आधी खुणा जुळवतात, मग यंत्र रुग्णाभोवती एक फेरी मारून सीटीसारखे चित्र घेते. या फेरीला साधारण एक मिनिट लागते, त्यामुळे श्वास रोखण्याच्या पद्धतीत ती दोन-तीन तुकड्यांत होऊ शकते. चित्र आदल्या आखणीशी जुळवून टेबल काही मिलिमीटर सरकवले जाते. टेबल आपोआप हलले तर दचकू नये आणि त्याच्याबरोबर अंग सरकवू नये. त्यानंतर ‘घ्या... रोखा...’ सुरू होते.

एक भीती जवळजवळ प्रत्येक रुग्णाला असते : श्वास मध्येच सुटला तर किरण भलतीकडे जातील. तसे होत नाही. श्वास ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की किरण थांबतात, आणि पुढच्या वेळी जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होतात. आलेली शिंक दाबून, डोळे पांढरे होईपर्यंत श्वास धरून ठेवण्याने मात्र नुकसान होते, कारण त्या धडपडीत अंग सरकते आणि पुन्हा चित्र घ्यावे लागते. जमत नसेल तर सोडून द्यावे, दोन मिनिटे विश्रांती मागावी. बाहेरच्या लोकांना घाई असली तरी तुमच्या दोन मिनिटांइतकी नसते.

खोलीत नेहमीच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे आणि एसबीआरटीच्या दिवशी अर्धा-पाऊण तास जातो असे धरून चालावे. पहिला दिवस त्याहून लांबतो.

मध्येच बदल जाणवला तर

सहा आठवड्यांत माणूस बदलतो. गाठ आक्रसते, तिने बंद केलेली श्वासनलिका उघडते आणि फुप्फुसाचा मिटलेला भाग पुन्हा फुगतो. ही आनंदाची गोष्ट असली तरी त्यामुळे गाठीची जागा बरीच सरकू शकते. उलट छातीत पाणी साचले किंवा वजन उतरले तरीही आखणी जुळत नाही. म्हणून धाप अचानक कमी किंवा जास्त झाली, खोकल्याची जात बदलली, ताप आला, पोट फुगू लागले किंवा नेहमीइतका वेळ श्वास रोखणे दोन दिवस सलग जमले नाही, तर टेक्नॉलॉजिस्टला त्या दिवशी टेबलावर चढण्यापूर्वी सांगावे, डॉक्टरांच्या साप्ताहिक भेटीची वाट पाहू नये. गरज पडल्यास नवी सीटी होते, नवी आखणी होते, त्यात एखाददोन दिवस जातात. तेव्हा श्वासाचा सरावही नव्या सीटीपासून पुन्हा पहिल्यासारखाच धरायचा, कारण जुने प्रमाण आता संपलेले असते.

उपचार संपल्यावर श्वास रोखण्याची गरज उरत नाही, पण श्वासाकडे लक्ष ठेवण्याची उरते. शेवटच्या दिवसानंतर साधारण एक ते सहा महिन्यांच्या काळात कोरडा खोकला, बारीक ताप आणि चालताना नव्याने लागणारी धाप दिसली तर ती साधी सर्दी समजून गल्लीतल्या दवाखान्यातून औषध घेत बसू नये. रेडिएशनच्या डॉक्टरांकडेच जावे आणि रेडिएशन कधी संपले, किती मात्रा मिळाली हे लिहिलेला कागद बरोबर न्यावा.